हात थांबतो ते गाणं

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा आमच्या शेडमध्ये हिरवा उजेड असतो. वाशांना हिरवी जाळी टांगलेली, वर निळी ताडपत्री. बाहेरचा ढगाळ उजेड या सगळ्यातून गाळून खाली येतो, आणि आत बसलेली माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसतात. मी रत्नागिरीतल्या एका पतसंस्थेत कारकून आहे. संध्याकाळी सुटलो की घरी न जाता आधी बंदरावर येतो. चप्पल दाराशी काढतो, खुंटीवरची सुई घेतो आणि दादाच्या समोर बसतो. बरोबर समोर. ही जागा मी दोन पावसाळ्यांपूर्वी धरली. त्या जागेवर बसून मी काय केलं ते सांगायचं आहे.

दादा माझा थोरला भाऊ. एका मालकाच्या बोटीवर तो तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हाती. नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी वर ओढलेल्या असतात आणि वर्षभर फाटलेली जाळी आम्ही शिवतो. काम साधं असतं. भोक शोधायचं, कडेचा धागा कापायचा, नवा धागा सुईत भरून एकेक गाठ मारत जायचं. डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्यात आमच्याकडे गाणी असतात.

जाळी शिवण्यात सगळ्यांत जुने म्हणजे काका. नात्याने कुणाचेच काका नाहीत, पण सगळे काकाच म्हणतात. पावसाळ्यात गाण्यांची स्पर्धा लावायची पद्धत त्यांची. प्रत्येकाने गाणी आणायची, जुन्या रेडिओच्या काळापासून ते आजच्या मोबाइलपर्यंत. एकेका दशकातून एक गाणं राहतं. मग ती उरलेली एकमेकांसमोर उभी करायची आणि शेवटी एकच राहतं. नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात सोडून बोट बाहेर निघते तेव्हा बोटीवरून पहिलं वाजतं ते हे गाणं. त्यामुळे भांडणं होतात, खरीखुरी. एकदा बोटीचा ड्रायव्हर काकांशी आठवडाभर बोलला नव्हता.

गाणं मोठं की छोटं हे ठरवायचं कसं, त्याचाही काकांनीच नियम घातलेला. गाणं लावायचं आणि कुणी बोलायचं नाही. हात चालू ठेवायचे. ठेक्याचं गाणं असेल तर हात भरभर चालतात, ते कामाला बरं. पण एखादं गाणं असं असतं की गाठ अर्धी ओढलेली असते आणि हात तिथेच थांबतो. माणसाला कळतही नाही. ते गाणं मोठं.

"पाय हलवणारी गाणी ढीगभर हायत," काका म्हणायचे. "हात थांबवणारं दाखव."

"काका, तुमचा हात तसापण थांबतो," ड्रायव्हर म्हणायचा. "झोप लागते म्हणून."

"तुज्या इंजिनापेक्षा बरा. ते तर जागेपणी बंद पडतं."

हा ड्रायव्हर दादाच्या बोटीचं इंजिन बघायचा. खेडचा. त्याच्याकडे नवी गाणी असत, आणि फळीवरच्या माशांच्या क्रेटवर ठेवलेला स्पीकरही त्याचाच. पाचवा मास्तर. माझा शाळेतला दोस्त, आता शिक्षक, शेजारच्या वाडीत राहणारा. त्याच्या घरात कुणी दर्यावर गेलेलं नाही, पण शाळा सुटली की तो आमच्यात येऊन बसायचा आणि काकांनी शिकवल्या तशा गाठी मारायचा. मास्तरसारख्याच व्यवस्थित, एका मापाच्या.

गाण्यांना आम्ही त्यांच्या ओळींवरून ओळखत नाही. ते कुठं पहिल्यांदा ऐकलं, त्यावरून नाव पडतं. ड्रायव्हरचं एक होतं खेडच्या डेपोतलं. लहानपणी एसटी चुकली म्हणून तो कॅन्टीनच्या बाकावर बसून राहिला आणि आतल्या टेपवर ते पुन्हा पुन्हा लागत होतं. मास्तरचं एक होतं दापोलीचं. तो तिकडे मित्राकडे गेला होता, आणि कलमांच्या बागेपलीकडच्या होस्टेलमधून कुणीतरी खिडकीत बसून ते गात होतं. गाणारा दिसला नाही. त्याचं म्हणणं, म्हणूनच ते गाणं मोठं झालं. काकांचं सावर्ड्याचं. हायवेवर ट्रक पंक्चर झाला, बाजार उठलेला, आणि बंद होत आलेल्या दुकानात रेडिओ चालू होता. या नावांमुळे आमच्या चर्चेला नकाशा असायचा. सावर्डे की दापोली, यावर दोन तास वाद चालत, आणि बाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही माणसं एसटीच्या मार्गांबद्दल भांडतायत.

दादाचं एकच गाणं होतं. चुलीपुढचं. आमची आई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायची आणि भिंतीवरच्या खिळ्याला ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा. ते गाणं लागलं की थापणारा हात थांबायचा. तव्यावरची भाकरी करपायची. आई मग ती करपलेली स्वतःला घ्यायची आणि आम्हाला नव्या वाढायची. मला ते अंधूक आठवतं, धुराच्या मागे बसलेली एक बाई आणि तिच्या हातावर गोल पांढरं पीठ. दादाला सगळं आठवतं. काकांनी हाताचा नियम सांगितला तेव्हा तो सगळ्यांत आधी दादालाच पटला. आणि वाद मिटवायचं काम त्याच्याकडे आलं. गाणं संपलं की सगळ्यांच्या हातांवरून नजर फिरवून तो म्हणायचा, "राहिलं," किंवा "गेलं." तांडेलाने एकदा सांगितलं की विषय संपला.

दोन पावसाळ्यांपूर्वी मला कळलं की दादाला ऐकू येत नाही.

मी त्याच्या घरी गेलो होतो. तो पडवीत पाठमोरा बसून सुपारी कातरत होता. आत कुकरच्या शिट्टीवर शिट्टी होत होती. वहिनी विहिरीवर होत्या, आणि जाताना त्याला सांगून गेल्या होत्या की शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी धावत जाऊन बंद केला. बाहेर आलो, त्याच्या मागे उभा राहून म्हणालो, "दादा, करपलं सगळं." तो कातरत राहिला. मी पुन्हा म्हणालो. मग फिरून समोर गेलो, तेव्हा तो दचकला. माझ्या तोंडाकडे बघितलं त्याने, आणि त्याला कळलं की मला कळलं.

इतकी वर्षं इंजिनाच्या डोक्यावर उभं राहून कान गेले होते, हळूहळू, दिवे एकेक करून मालवत जावेत तसे. समोरच्याच्या ओठांवरून तो बरंच ओळखायचा. बाकीचं अंदाजाने. वहिनींना अर्थातच माहीत होतं. कानाचं मशीन घ्या म्हणून त्या मागे लागल्या होत्या.

"मशीन लावलं की मालक मशीनच बघणार," तो म्हणाला. "मग सुकाणू दुसऱ्याकडे. तू कुणाला बोलू नको."

मी बोललो नाही. यातली भीती मला तेव्हाही समजत होती. समुद्रावर वायरलेस असतो, दुसऱ्या बोटीचा भोंगा असतो, पाण्यात पडलेल्या माणसाची हाक असते. आठ जण त्याच्या भरवशावर जायचे आणि त्यांच्या बायका संध्याकाळी आमच्याच रस्त्यावर मला भेटायच्या. "भाऊसाहेब, बरं हाय ना?" मी हो म्हणायचो. रात्री वारा वाढला की मला झोप यायची नाही. तरी सकाळी मी गप्पच. मी शिकलो, खुर्चीत बसलो, त्याचं एक कारण दादा शाळा सोडून बोटीवर गेला हे होतं. त्याचं सुकाणू मी कसं काढून घेणार? हे मी स्वतःला सांगायचो. आजही सांगतो, आणि आजही ते पुरेसं वाटत नाही.

शेडमध्ये मात्र त्याला मदत करणं सोपं होतं. तो ऐकत नव्हताच, हात बघत होता. पण माणसांचे हात हजार कारणांनी थांबतात. धागा संपतो, पाठीला खाज येते. म्हणून मी त्याच्या समोर बसू लागलो. गाणं खरंच लागलं की मी धागा ताणून हात थांबवायचो आणि तसाच ठेवायचो. तो मग इतरांकडे एकदा बघून म्हणायचा, "राहिलं." आमच्यात याबद्दल एक शब्दही झाला नव्हता. पहिल्या काही दिवसांत मला त्यात फार मोठं सुख मिळालं. हिरव्या उजेडात आम्ही दोघं समोरासमोर, गाणं माझ्या कानातून माझ्या हातात आणि माझ्या हातातून त्याच्या डोळ्यांत. कधी कधी वाटायचं, गाणं त्याच्यापर्यंत अख्खं पोचतंय, सुरांसकट.

मग त्यात माझी आवड शिरली. कधी शिरली ते मला सांगता येणार नाही. माझ्या कॉलेजच्या दिवसांतली गाणी लागली की माझा हात जरा लवकर थांबायला लागला. न आवडणाऱ्या गाण्याला इतरांचे थांबले तरी माझा चालू राहायला लागला. दादा माझ्यावर विसंबला होता. दोन वर्षं बोट निघाली ती माझ्या आवडीच्या गाण्यावर, आणि धक्क्यावर उभा राहून मी टाळ्या वाजवल्या.

गेल्या वर्षी मास्तरने एक गाणं आणलं. जयंतीचं. त्याच्या वाडीत दर वर्षी एप्रिलमध्ये जयंतीचा मांडव पडतो, गायक येतात, आणि त्यातल्या एका गायिकेचं ते. ड्रायव्हरने तेव्हाच हरकत घेतली.

"मास्तर, ह्ये पिक्चरातलं नाय. लोकप्रिय गाणी बोललोय आपण."

"लोकप्रिय म्हणजे काय रे? थेटरात वाजलं तेच?" मास्तर म्हणाला. "आमच्याकडे दीड वर्षाचं पोर बोबडं बोलत हे गातं. मुंबईहून चाकरमानी येतात ते आधी हे गाणं कधी आहे विचारतात, मग जेवण काय आहे ते. अजून किती लोक पाहिजेत तुला?"

"लाव रे," काका म्हणाले. "हातांना काय पिक्चर कळतो?"

गाणं लागलं. सुरुवातीला नुसती ढोलकी आणि बाईचा जाडसर, उन्हात वाळलेला आवाज. मग ती एका ओळीवर आली आणि ती ओळ तिने पूर्ण केलीच नाही. अर्धी सोडली, आणि मागच्या सगळ्यांनी उचलली. काकांचा हात थांबला. ड्रायव्हरचाही थांबला. माझ्या आत काहीतरी उभं राहिलं. आणि माझा हात चालू होता. आदल्याच दिवशी मास्तरने माझ्या कॉलेजच्या गाण्याला "पावडरची जाहिरात" म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. एवढंच कारण. मी गाठीमागून गाठ मारत राहिलो, खाली बघत.

दादाने काकांकडे बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं, मग माझ्याकडे. जरा वेळ घेतला. "गेलं," तो म्हणाला.

मास्तर हसला. "तांडेलाचा शब्द," म्हणाला, आणि सुईत धागा भरू लागला. धागा आधीच भरलेला होता.

यंदा मास्तर ते गाणं पुन्हा घेऊन आला. नियमात बसत होतं. गेलेलं गाणं पुढच्या वर्षी परत आणता येतं. मी ठरवलं होतं की या वेळी हात खोटा चालवायचा नाही, आणि तो चालवलाही नाही. जयंतीचं एकेक फेरी पार करत शेवटपर्यंत आलं. समोर उरलं दादाचं चुलीपुढचं. दोन्ही शेवटच्या दिवशी लावायची. त्या दिवशी दुपारीच काळोखून आलं होतं, शेडमधला उजेड शेवाळी झाला होता, टांगलेली जाळी वाऱ्याने हळूहळू झुलत होती. आणि ड्रायव्हरने खिशातून एक पांढरी डबी काढली. आत कानात घालायची दोन बोंडं, बिनवायरची.

"यंदा स्पीकर नाय," तो म्हणाला. "मी बघितलंय, एकाचा हात थांबला की बघून दुसऱ्याचा थांबतो. काका थांबले की मास्तर थांबतो. ही काय परीक्षा? एकेकानं कानात घालायचं, एकट्यानं ऐकायचं. बाकीच्यांनी त्याचा हात बघायचा. पहिला तांडेल."

"बरोबर बोलतोय मेला," काका म्हणाले. "हे मला सुचायला पायजे होतं."

मी म्हणालो, "नको, सगळ्यांनी मिळून ऐकण्यात मजा आहे." माझा आवाज मलाच परका वाटला. मास्तर माझ्याकडे बघू लागला. ड्रायव्हर दादाच्या समोर जाऊन, डबी दाखवत, तेच परत म्हणाला. दादाने त्याचे ओठ वाचले. माझ्याकडे बघितलं नाही. हात पुढे केला, बोंडं घेतली आणि स्वतःच्या कानात घातली.

"आधी मास्तरचं," ड्रायव्हरने सांगितलं आणि मोबाइलवर बोट ठेवलं.

दादा शिवत होता. बोंडांमधून बारीकसा आवाज बाहेर गळत होता, डबीत मुंगी कोंडल्यासारखा. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याची सुई आत, बाहेर, गाठ, आत, बाहेर. ती अर्धी सोडलेली ओळ आली असेल तेव्हाही सुई गेली तशीच. मास्तर त्या हाताकडे बघत होता. गाणं संपलं.

"आता चुलीपुढचं," ड्रायव्हरने दादाच्या डोळ्यांसमोर बोट नाचवून खूण केली.

दादाने डोळे मिटले. हात चालू होता. बराच वेळ चालू होता. मग थांबला, गाठ अर्धी ओढून, आणि त्याचं तोंड थोडंसं उघडं राहिलं, लहान मुलाचं राहतं तसं. त्या क्षणी मला चुलीचा धूर दिसला, खरंच दिसला. जाळ्यांमागे कुणी बसलं आहे असं वाटलं.

"तांडेल," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "अजून लावलं नाय. नेट लागत नाय."

दादाला ते ऐकू गेलं नाही. तो आईजवळ होता. काकांनी सुई खाली ठेवली. दादाने डोळे उघडले तेव्हा त्याला आमचे चेहरे दिसले, आणि ड्रायव्हरच्या हातातल्या मोबाइलवर गोल गोल फिरणारी ती रेघ.

मला वाटलं होतं तो काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. त्याला ते जमत होतं. आठवलं म्हणून थांबलो, एवढं म्हणाला असता तर हसण्यावारी गेलं असतं. त्याने कानातली बोंडं काढली, शर्टाला पुसली आणि ड्रायव्हरला परत दिली. मग मास्तरकडे वळला.

"मास्तर, चुलीपुढचं मला पाठ हाय. लावलं काय, न लावलं काय. तुजं मी ऐकलंच नाय. आज नाय आणि गेल्या वर्षी 'गेलं' बोललो तेव्हापण नाय. कान गेलेत माजे." तो थांबला. "आता पुन्हा 'गेलं' बोललो असतो तर तो अन्याय झाला असता."

ड्रायव्हरने मोबाइल खिशात घातला. "आणि मी समजत होतो तांडेल माज करतोय," तो म्हणाला. "वायरलेसवर हाका मारतायत आणि हा बघत पण नाय. मीच उठून घ्यायचो!"

"माज पण होताच थोडा," दादा म्हणाला. ओठ वाचले असावेत. काका हसले आणि हसताना डोळे पुसले.

"मग गेल्या वर्षी ठरवलं कसं?" मास्तरने विचारलं. दादाला दिसेल असं, स्पष्ट, वर्गात विचारतो तसं.

दादाने सुई उचलली. माझं नाव त्याने घेतलं नसतं. मी म्हणालो, "माझा हात बघून. आणि मास्तर, तुझ्या गाण्याला माझा हात थांबत होता. मी थांबू दिला नाही."

मास्तरने हातातलं जाळं सोडलं. "पावडरच्या जाहिरातीमुळे?"

"हो."

"मेल्या," तो म्हणाला. त्याने आजवर मला कधी ती शिवी दिली नव्हती. मग तो उठला, क्रेटवरचा स्पीकर चालू केला, स्वतःच्या मोबाइलवरून जयंतीचं लावलं आणि परत आपल्या जागी जाऊन बसला. त्याला ते गाणं शाळेतल्या कवितेसारखं पाठ असणार. तरी त्या अर्ध्या ओळीवर त्याचा हात थांबला. काकांचा थांबला, ड्रायव्हरचा थांबला. माझा तर सुरूच झाला नव्हता. दादा एकेकाच्या हातावरून नजर फिरवत होता, घाई न करता.

"राहिलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः मालकाकडे गेला. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाला. परत येऊन त्याने एवढंच सांगितलं की सुकाणू ड्रायव्हरकडे जाईल, आणि जाळ्यांचं काम वर्षभर आपल्याकडे राहील. मग वहिनींना म्हणाला, "ते मशीन कुठंय ते बघू या." ते आणलंय. तो ते कधी लावतो, कधी काढून ठेवतो. त्यात सगळे आवाज एकसारखे येतात म्हणे, कावळा आणि माणूस एकाच मापाचे.

नारळी पौर्णिमेला आम्ही धक्क्यावर उभे होतो. मशीन त्याने घरीच ठेवलं होतं. बोटीवर पताका, ड्रायव्हर नव्या शर्टात, इतका ताठ उभा की काका म्हणाले, कुणीतरी त्याला श्वास घ्यायला सांगा. नारळ पाण्यात गेला. ढोलकी सुरू झाली आणि बाईचा तो उन्हातला आवाज पाण्यावरून आला. मास्तर माझ्या शेजारी होता. तो जाऊन दुसरीकडे उभा राहिला नव्हता.

दादाने माझ्या दंडाला हात लावला. "कुठं आलं?"

"ती ओळ येतेय," मी त्याच्याकडे तोंड करून म्हणालो. "आता सोडली तिने."

त्याने मान हलवली. बोट भाट्याच्या किनाऱ्याच्या दिशेने वळली, आवाज लहान होत गेला. मग बोटीवरच्या पोरांनी गाणं मध्येच तोडून दुसरं कसलं तरी नाचायचं लावलं. दादाची मान अजून संथ हलत होती, आणि नाचणारी पोरं लांबून नुसते ठिपके दिसत होती.

"आता कुठं?" त्याने विचारलं.

शेवटचं कडवं चालू आहे म्हणालो असतो तर खपलं असतं. "बदललं त्यांनी," मी म्हणालो. "दुसरंच लावलं."

दादा बोटीकडे बघत राहिला.

"लावू दे," तो म्हणाला. "माजं चालू हाय."